हिम, बर्फ आणि वळीव : शब्दसंख्येच्या मापदंडाविषयी

१

इंग्रजी भाषेतील बर्फविषयक शब्दांचा उल्लेख मराठी अभ्यासकांच्या लेखनात आणि वर्गातील चर्चेत प्रामुख्याने दोन संदर्भांत येतो. पहिला संदर्भ अनुवादाचा. 'स्नो' या एका शब्दापासून इंग्रजीने स्नोफ्लेक, स्नोफॉल, स्नोड्रिफ्ट, स्नोस्टॉर्म, स्नोलाइन, स्नोशू, स्नोमॅन, स्नोप्लाऊ, स्नोबाउंड, स्नो-ब्लाइंड, स्नो-व्हाइट असे सामासिक शब्दांचे एक मोठे कुटुंब उभे केले आहे. त्याशिवाय स्लीट, स्लश, फ्लरी, ब्लिझर्ड, फ्रॉस्ट, राइम, थॉ हे स्वतंत्र शब्द आहेतच. यांच्यासमोर मराठीचे 'बर्फ' आणि 'हिम' हे दोनच शब्द उभे करून मराठीच्या दारिद्र्याचा निष्कर्ष काढला जातो. दुसरा संदर्भ भाषा आणि संस्कृती यांच्या परस्परसंबंधाचा. तेथे 'एस्किमोंच्या भाषेत बर्फाला शेकडो शब्द आहेत' हे विधान जवळजवळ मंत्रासारखे उच्चारले जाते आणि त्याच्यासमोर इंग्रजी हीच दरिद्री ठरते. एकच इंग्रजी भाषा एका तासाला श्रीमंत आणि पुढच्या तासाला गरीब ठरावी, यावरूनच या मोजमापात काही मूलभूत गोंधळ आहे, हे ध्यानात यावयास हवे.

प्रस्तुत लेखात या गोंधळाची तपासणी करावयाची आहे. प्रश्न केवळ शब्दकोशाचा असता तर त्यावर एवढा वेळ खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु शब्दसंख्या हे भाषेच्या सामर्थ्याचे माप मानले की त्याचे परिणाम अनुवादाच्या पद्धतीवर, पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेवर आणि शासकीय व्यवहारात कोणत्या अनुभवाला नाव मिळते व कोणत्या अनुभवाला मिळत नाही यावरही होतात. म्हणून बर्फाच्या निमित्ताने सुरू झालेली ही चर्चा अखेर आपल्याकडच्या पावसापर्यंत नेणे अपरिहार्य आहे.

२

एस्किमोंच्या बर्फाची कथा आता पुरेशी तपासली गेली आहे. फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली 'हँडबुक ऑफ अमेरिकन इंडियन लँग्वेजेस'च्या प्रस्तावनेत एस्किमो भाषेतील चार शब्द दिले : जमिनीवर असलेल्या बर्फाला 'अपुत', पडत असलेल्या बर्फाला 'काना', वाऱ्याने वाहत जाणाऱ्या बर्फाला 'पिक्सिर्पोक' आणि बर्फाच्या साचलेल्या ढिगाला 'किमुक्सुक'. बोआस यांचा मुद्दा संख्येचा नव्हता. इंग्रजीमध्ये पाण्याच्या निरनिराळ्या रूपांसाठी सरोवर, नदी, ओढा, पाऊस, दव, लाट, फेस असे परस्परांशी व्युत्पत्तीने न जोडलेले शब्द आहेत. दुसरी एखादी भाषा हीच रूपे एका मूळ शब्दापासून साधित शब्दांनी दाखवू शकेल, आणि बर्फाच्या बाबतीत नेमकी उलट स्थिती असू शकेल, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. भेद कोणता करावयाचा आणि तो भाषेच्या कोणत्या थरात साठवावयाचा, याविषयीचे ते निरीक्षण होते.

बेंजामिन ली व्होर्फ यांनी १९४० साली 'सायन्स अँड लिंग्विस्टिक्स' या लेखात हे उदाहरण आपल्या भाषिक सापेक्षतेच्या मांडणीसाठी वापरले. पुढे पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे आणि व्याख्याने यांतून चाराचे सात, सातांचे पन्नास आणि पन्नासाचे शेकडो झाले. लॉरा मार्टिन यांनी १९८६ साली या संख्यावाढीचा मागोवा घेतला आणि जेफ्री पुलम यांनी १९९१ साली पुस्तकाच्या शीर्षकातच या प्रकाराला 'महान एस्किमो शब्दसंग्रहाचा बनाव' म्हटले. मात्र बनाव म्हणून विषय संपवणे हेही अर्धसत्य आहे. इगोर क्रुप्निक आणि लुडगर म्युलर-विल यांनी २०१० साली बोआस यांची सामग्री पुन्हा तपासून, त्या प्रदेशातील बोलींमध्ये बर्फ व सागरी हिम यांच्याविषयीचा शब्दसंग्रह खरोखरच विपुल असल्याचे दाखवले. दुसरीकडे ग्लासगो विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१५ साली स्कॉट्स भाषेतील बर्फविषयक ४२१ शब्द प्रसिद्ध केले. म्हणजे संख्येच्या शर्यतीत एस्किमोंना स्कॉटलंडने मागे टाकले, असे विनोदाने म्हणता येईल. पण विनोदाच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे : शब्द म्हणजे काय, हे ठरल्याशिवाय शब्द मोजावयाचे कसे? ज्या भाषेत एका धातूला प्रत्ययांची माळ लावून संपूर्ण वाक्य एकाच शब्दात उभे राहते, त्या भाषेत शब्दांची यादी कधी पुरी होणारच नाही. ज्या भाषेत दोन नामे नुसती शेजारी ठेवली की नवा शब्द होतो, तेथेही तीच अवस्था. मोजणीचा आकडा हा पुष्कळदा भाषेच्या अनुभवविश्वाचा नसून तिच्या शब्दसिद्धीच्या रीतीचा आकडा असतो.

३

इंग्रजीतील 'स्नो'ची कुटुंबवत्सलता याच दृष्टीने पाहिली पाहिजे. तिच्या समासांचे विग्रह आपल्या परंपरेतील समासविचाराच्या साहाय्याने केले, तर एकाच बाह्यरूपाखाली किती भिन्न नाती दडलेली आहेत ते स्पष्ट होते. 'स्नोफॉल' हा षष्ठी तत्पुरुष : हिमाचे पडणे. 'स्नोशू' हा चतुर्थी तत्पुरुष : बर्फासाठीचा जोडा. 'स्नोबाउंड' हा तृतीया तत्पुरुष : बर्फाने अडकलेला. 'स्नोमॅन' हा मध्यमपदलोपी : बर्फाचा केलेला माणूस. 'स्नो-व्हाइट' हा उपमानपूर्वपद कर्मधारय : बर्फासारखा शुभ्र. इंग्रजी भाषा हे सर्व संबंध एका मुक्या सान्निध्यावर सोपवते. अर्थ लावण्याचे काम ऐकणाऱ्याच्या व्यवहारज्ञानाकडे जाते. 'स्नोशू' म्हणजे बर्फाचा केलेला जोडा नव्हे आणि 'स्नोमॅन' म्हणजे बर्फासाठीचा माणूस नव्हे, हे व्याकरण सांगत नाही. ते त्या प्रदेशातला हिवाळा सांगतो.

शेवटच्या उदाहरणाशी क्षणभर थांबू. 'स्नो-व्हाइट' ज्या जातीचा समास आहे त्याच जातीचा, आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेला समास म्हणजे 'घनश्याम'. वर्णाचे परिमाण म्हणून एका भाषेने जमिनीवर पसरलेला बर्फ घेतला, तर दुसरीने आकाशात दाटलेला मेघ घेतला. समासाची रीत तीच, पण उपमान हवामानाने पुरवले. येथे कोणती भाषा अधिक समृद्ध, हा प्रश्नच अर्थशून्य होतो.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीची बर्फविषयक समृद्धी ही 'इंग्रजी माणसा'ची समृद्धी नव्हे. ग्लेशियर आणि अॅव्हलांच हे शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून घेतले. 'ब्लिझर्ड'ला हिमवादळाचा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिळाला. 'फर्न' हा आल्प्सच्या जर्मन परिसरातून आलेला. यांपैकी बरेच शब्द गिर्यारोहक, बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणारे, रस्ते मोकळे करणारे कामगार आणि हिमशास्त्रज्ञ यांच्या व्यवहारातले आहेत. लंडनमधील कारकुनाला त्यांतले किती ठाऊक असतील, हा प्रश्न कोल्हापूर शहरातील किती तरुणांना 'वाफसा' हा शब्द ठाऊक आहे, या प्रश्नाइतकाच बोलका आहे. सूक्ष्म भेदांचे शब्द भाषेच्या मालकीचे असतात हे खरे, परंतु ते वापरात असतात ते त्या त्या व्यवसायाच्या. भाषा म्हणजे एकसंध समाजमन आणि शब्दसंग्रह म्हणजे त्या मनाचा आरसा, हे समीकरण म्हणूनच सैल पडते.

४

आता मराठीकडे वळू. 'हिम' आणि 'बर्फ' हे दोन शब्द समानार्थी म्हणून कोशात शेजारी बसले असले तरी मराठीच्या जीवनात त्यांची स्थाने फार वेगळी आहेत.

'बर्फ' हा फारसीतून आलेला शब्द. मूळ भाषेत त्याचा मुख्य अर्थ आकाशातून पडणारे हिम असा आहे. मराठीत मात्र तो मुख्यतः गोठवलेल्या पाण्याचा वाचक झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील तळ्यांवरचा बर्फ जहाजांतून हिंदुस्थानात येऊ लागला. १८३३ साली तो कलकत्त्याला उतरला आणि पुढे मुंबईतही त्यासाठी बर्फघर उभे राहिले. त्यानंतर कारखाने आले. मराठी माणसाचा बर्फ तेव्हापासून विकत घेण्याची वस्तू आहे : त्याची लादी असते, ती भुशात व गोणपाटात गुंडाळलेली असते, ती फोडावी लागते, तिचा चुरा सरबतात आणि गोळ्यात जातो, मासळीच्या टोपलीत जातो. हा बर्फ कधी 'पडत' नाही. पडलाच तर हातातून निसटून पडतो. इतकेच काय, त्याचे लिंगही मराठीने पक्के केलेले नाही. 'बर्फ वितळला' आणि 'बर्फ वितळले' ही दोन्ही रूपे चालतात.

'हिम'ची गोष्ट याहून अधिक मनोवेधक आहे. हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. प्राकृताच्या वाटेने तो 'हिव' होऊन आला आणि या वाटेवर त्यातले हिम वितळून गेले. 'हिव' म्हणजे थंडी, 'हिव भरणे' म्हणजे कापरे भरणे, 'हिवताप' म्हणजे डासांनी पसरणारा ताप. 'हिवाळा' हा 'हिमकाल'पासून आलेला, पण आपल्या हिवाळ्यात हिमाचा कण नाही. ज्या अर्थाला अनुभवाचा आधार उरला नाही तो अर्थ गळाला आणि ज्याला आधार होता तो, म्हणजे अंगावरचा काटा, टिकला. दुसरी वाट तत्समाची. तिने 'हिम' जसाच्या तसा आणला आणि त्याला समासाची संस्कृत सोयही बरोबर दिली. हिमवर्षाव, हिमवादळ, हिमनदी, हिमनग, हिमरेषा, हिमदंश, हिमयुग ही सारी परिभाषा या वाटेने आली. परंतु हे शब्द अर्थदृष्ट्या तपासले तर असे दिसते की 'हिमवर्षावा'तले हिम भुसभुशीत, 'हिमनगा'तले हिम कठीण आणि 'हिमदंशा'तले हिम म्हणजे नुसता गोठवणारा गारठा आहे. इंग्रजी जेथे तीन स्वतंत्र शब्द योजते तेथे आपला पारिभाषिक 'हिम' एकटाच तिन्ही कामे करतो.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. टेरी रेजियर, अलेक्झांड्रा कार्स्टेन्सन आणि चार्ल्स केम्प यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक भाषांची तुलना करून असे दाखवले की आकाशातून पडणारे हिम आणि गोठलेले पाणी यांना एकच शब्द वापरणाऱ्या भाषा बहुधा उष्ण प्रदेशांत आढळतात. जेथे भेद करण्याची गरज क्वचित पडते तेथे भाषा एका शब्दावर भागवते आणि तो भेद कधी लागलाच तर विशेषणाने वा वाक्याने करते. हा काटकसरीचा व्यवहार आहे, दारिद्र्य नव्हे.

कालगणनेच्या शब्दांतही हेच स्थलांतर वाचता येते. वैदिक भाषेत 'हिमा' हा शब्द हिवाळा आणि त्यावरून वर्ष या अर्थी येतो. आयुष्य हिवाळ्यांनी मोजले जाई. लॅटिन 'हिएम्स', रशियन 'झिमा' ही त्याचीच दूरची भावंडे. पुढे मात्र वृष्टिवाचक 'वर्ष' हाच शब्द संवत्सराचा वाचक झाला, आणि आपण तर 'चार पावसाळे अधिक पाहिले आहेत' या भाषेतच वडीलकी सांगतो. आयुष्य मोजण्याचे माप हिमावरून पावसावर आले. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात वैदिक व अवेस्ती वाङ्मयातून उत्तर ध्रुवाकडील मूलस्थानाचे अनुमान केले. त्यांचे अनुमान आज मान्य नाही. परंतु पद्धतीच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे : त्यांनी दीर्घ उषा, दीर्घ रात्र, सर्वनाशी हिवाळा यांची वर्णने साक्षीला बोलावली; हिमाला किती शब्द आहेत याची मोजदाद केली नाही. शब्दाच्या संख्येपेक्षा शब्दाच्या वापराकडे पाहणे, ही शिस्त त्यांच्या निष्कर्षाहून अधिक टिकाऊ होती.

५

मराठीने आपले भेद कोठे साठवले आहेत, हे पाहण्यासाठी कोल्हापूर जिल्हा उत्तम नमुना आहे. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस आणि पूर्वेला शिरोळात पाचशेच्या आसपास रेंगाळणारा पाऊस, असे दोन टोकांचे हवामान एकाच जिल्ह्यात नांदते. येथील बोलीत पावसाविषयी जे बोलले जाते त्याचे निदान चार थर पडतात.

पहिला थर स्वतंत्र नामांचा : सर, झड, वळीव, पागोळी, गार, उघडीप, वाफसा. यांतील 'उघडीप' हा पावसाच्या अभावाचा शब्द आहे, पण त्या अभावाला दोन्ही बाजूंनी पाऊस लागतो. आणि 'वाफसा' हा पावसाचा नव्हे, तर पाऊस जमिनीत मुरून ती ना चिखल ना कोरडी अशी पेरणीजोगी झाल्याचा शब्द आहे. दुसरा थर नादानुकारी अभ्यस्त शब्दांचा : रिमझिम, रिपरिप, भुरभुर, पिरपिर, टपटप, धो धो. हे केवळ प्रमाण सांगत नाहीत, वृत्तीही सांगतात. 'रिमझिम' हवीशी असते, 'पिरपिर' कंटाळ्याची. तिसरा थर क्रियापदांचा. पाऊस पडतो, लागतो, धरतो, उघडतो, ओढ देतो, दडी मारतो, हुलकावणी देतो, झोडपतो. इंग्रजीत बर्फ पडण्याच्या वाक्याला निराकार कर्ता लागतो. मराठीत पाऊस स्वतः कर्ता आहे, आणि लहरी कर्ता आहे. चौथा थर षष्ठीचा : मृगाचा पाऊस, वळवाचा पाऊस, हस्ताचा पाऊस. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे म्हणजे पावसाळ्याची नऊ पाने. पैकी पुनर्वसूचा तो 'तरणा' आणि पुष्याचा तो 'म्हातारा'. नात्यागोत्याची ही भाषा पुढे सासूच्या आणि सुनेच्या पावसापर्यंत जाते.

आता या चार थरांतले शब्दकोशात किती येतील? पहिल्या थरातले बहुतेक, दुसऱ्यातले पुष्कळसे. तिसऱ्यातले 'धरणे', 'लागणे' या क्रियापदांच्या पोटात कोठेतरी. आणि चौथ्यातले जवळजवळ नाहीतच, कारण 'मृगाचा पाऊस' हे आपण दोन शब्द म्हणून लिहितो. इंग्रजीने तोच संबंध प्रत्ययाविना जोडून लिहिला असता तर तो शब्द झाला असता आणि गणनेत आला असता. लेखनातील एका रिकाम्या जागेवर भाषेच्या श्रीमंतीचा निकाल अवलंबून असेल, तर तो निकाल न घेतलेला बरा.

मराठीला संस्कृतच्या मदतीवाचून समास साधत नाहीत, ही समजूतही येथेच तपासावी. पाणवठा, पाणथळ, पाणलोट, पाणपोई, पाणबुडी, पाणचक्की, पाणकोंबडी, पाणकळा ही मालिका पाहावी. 'पाणी'चे ऱ्हस्व झालेले, एकटे न वापरता येणारे 'पाण-' हे पूर्वपद इंग्रजीच्या 'स्नो-'इतकेच सुपीक आहे, आणि त्याचेही विग्रह इंग्रजीप्रमाणेच नाना प्रकारचे होतात. र. वा. दिघे यांनी आपल्या कादंबरीला 'पाणकळा' हे नाव दिले आणि शंकर पाटील यांनी आपल्या कथासंग्रहाला 'वळीव' हे. दोन्ही नावांत ऋतू आहे. पण 'ग्रीष्मान्त' किंवा 'वर्षाकाल' म्हणून जे हाती येत नाही ते त्या नावांत आहे. हे लेखक ग्रामीण शब्द हौसेने पेरत नव्हते. ज्या जगाविषयी ते लिहीत होते त्या जगाची विभागणीच त्या शब्दांनी झालेली होती.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'मराठीत पावसाला शंभर शब्द आहेत' अशी घोषणा करून इंग्रजीच्या बर्फावर मात केल्याचे समाधान मानणे, म्हणजे जो मापदंड आपण नाकारला तोच उलटा धरणे होय. देशीपणाचा आग्रह अनेकदा या सापळ्यात सापडतो. यादी हा अभिमानाचा विषय होतो आणि यादीतले शब्द बोलणारी माणसे मात्र दृष्टीआड जातात.

६

या विवेचनाचा अनुवादाशी असलेला संबंध आता सांगता येईल. जेम्स जॉइस यांच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातील शेवटची कथा साऱ्या आयर्लंडवर पडणाऱ्या हिमाच्या दृश्यापाशी संपते. मराठी अनुवादकाने तेथे 'हिमवर्षाव होत होता' असे लिहिले तर वाचकाला भूगोलाचे पुस्तक आठवते. 'बर्फ पडत होता' असे लिहिले तर लादी आठवते. अनुवादक मग शब्दाच्या शोधात कोश चाळतो आणि मराठीजवळ शब्द नाही असे म्हणून थांबतो. परंतु त्या दृश्याचे मर्म वस्तूच्या नावात नाही, पडण्याच्या रीतीत आहे : आवाज न करता, न थांबता, सर्वांवर सारखे. आणि पडण्याच्या रीती सांगण्यात तर मराठी मुरलेली आहे. 'भुरभुर' हा शब्द पिठालाही लागतो आणि पावसालाही. 'झड' म्हणजे न थांबणे. पिंजलेल्या कापसाची, उडत्या भुश्याची भाषा आपल्याजवळ आहे. नाम उसने घ्यावे, 'बर्फ'च घ्यावे, पण त्याला क्रियापद आणि क्रियाविशेषण आपल्या पावसाचे द्यावे. मूळ भाषेने जो भेद नामात ठेवला तो लक्ष्यभाषेने क्रियेत ठेवला तर अनुवादात काही हरवत नाही. हरवते ते शब्दास शब्द ठेवण्याच्या हट्टाने.

याचे एक यशस्वी उदाहरण आपल्या बालवाङ्मयात आहे. 'स्नो-व्हाइट'चे मराठीत 'हिमगौरी' झाले. शब्दशः भाषांतराने 'हिमश्वेता' किंवा 'हिमधवला' होऊ शकली असती. 'गौरी'ने मात्र दोन गोष्टी साधल्या : गौर वर्णही आला आणि हिमालयाची कन्याही आली. ज्या घरी भाद्रपदातल्या ओल्या दिवसांत तेरड्याची गौर येते त्या घरातल्या मुलीला ही परकी राजकन्या ओळखीची वाटते. हा समास मूळ समासाशी प्रामाणिक आहे, पण त्याचा पाय आपल्या अंगणात आहे.

उलट दिशेचे उदाहरणही पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग दाटून, वावटळ उठवून, टपोऱ्या थेंबांनी येणाऱ्या पावसाला या भागात 'वळीव' म्हणतात. इंग्रजांनी त्याला आंब्याच्या हंगामावरून 'मँगो शॉवर्स' हे नाव दिले, आणि भूगोलाच्या मराठी पुस्तकांत त्या नावाचे भाषांतर होऊन 'आम्रसरी' किंवा 'आंबेसरी' अवतरल्या. शिवाजी पेठेतला मुलगा रंकाळ्याकडून येणारे वारे अंगावर घेत घरी 'वळीव' म्हणतो आणि शाळेत त्याच पावसाला भाषांतरित नावाने ओळखावयास शिकतो. त्याला दोन शब्द मिळाले असे वरवर दिसते. वस्तुतः त्याला असे शिकवले जाते की घरातला शब्द ज्ञानाचा नव्हे. शब्द वाढले आणि भाषा मात्र आकसली, असे घडू शकते ते या प्रकारे.

७

ही हानी केवळ वर्गापुरती राहत नाही. शासकीय व्यवहारात 'अतिवृष्टी' हा तत्सम समास निश्चित अर्थाने वापरला जातो : महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस. नुकसानभरपाईचा विचार या व्याख्येवर चालत आला. आता दहा-पंधरा दिवस लागून राहिलेली झड घ्यावी. कोणत्याही एका दिवशी पाऊस ६५ मिलिमीटर ओलांडत नाही, पण वाफसा येत नाही, मुळे कुजतात, सोयाबीन पिवळे पडते. शेतकऱ्याच्या भाषेत या संकटाला शब्द होता. शासनाच्या भाषेत नव्हता. जे 'अतिवृष्टी'त बसले नाही ते नोंदीत आले नाही. अखेर २०२३ साली राज्य शासनाने 'सततचा पाऊस' ही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. ही संज्ञा पाहावी : ती समास नाही, तत्समाची शोभा तिला नाही, साधी षष्ठी आहे. पारिभाषिक भाषेला लोकभाषेतल्या एका जुन्या भेदापर्यंत येण्यास इतका काळ लागला, हे लक्षात घेतले म्हणजे शब्दसंग्रहाचा प्रश्न हा केवळ कोशकारांचा प्रश्न नाही, हे पटावे.

याच्या उलट टोकाला वृत्तपत्रांचा 'अतिमुसळधार' आहे. हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाचा एक वर्ग, त्यापुढे २०४.४ पर्यंत दुसरा, त्याहून अधिकाचा तिसरा. या पायऱ्या मराठीत उतरवण्यासाठी 'मुसळधार'ला 'अति' जोडण्यात आला. मुसळासारखी धार ही प्रतिमा होती; प्रतिमेला तरतमभाव लावला की ती प्रतिमा उरत नाही, आकड्याचे वेष्टन होते. परिभाषेची गरज नाकारता येत नाही. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरकरांनी पाणी कसे मोजले हेही आठवावे. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे सर्वांच्या तोंडी होते. आणि त्याच वेळी 'पाणी जामदार क्लबपर्यंत आले', 'सुतारवाड्यात शिरले', 'नदीला फूग आहे' ही मापेही तितक्याच अचूकपणे चालत होती. आकडा आणि बोली यांत वैर नाही. बोलीला अडाणी ठरवून आकड्याला तिच्या जागी बसवण्यात मात्र धोका आहे.

शेवटी, हे शब्द शाश्वत आहेत असे मानण्याचाही मोह टाळावा. २०२५ मध्ये मे महिन्यातच मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला. वळीव कोठे संपला आणि मृग कोठे सुरू झाला, हे सांगणे अवघड झाले. नक्षत्रांच्या नावांनी बांधलेली पावसाची विभागणी पावसानेच मोडावयास सुरुवात केली, तर 'तरणा' आणि 'म्हातारा' हे शब्द 'हिवाळ्या'तल्या हिमासारखे आतून पोकळ होत जातील. 'हिम'चा 'हिव' होण्यास अनेक शतके लागली. हा बदल कदाचित एका पिढीत घडेल. अशा वेळी अभ्यासकाचे काम शब्दांची संख्या जाहीर करण्याचे नाही. कोणता शब्द कोण, कशासाठी आणि कोणत्या भेदाकरिता वापरतो, याची नोंद ठेवणे आणि तो भेद अनुवादात, पाठ्यपुस्तकात व शासकीय कागदावर जिवंत राहील असे पाहणे, हे ते काम आहे. इंग्रजीच्या बर्फाकडून आपल्याला शिकण्यासारखे असेल तर ते एवढेच : तेथील समास भाषेच्या अंगभूत श्रेष्ठत्वाने उगवलेले नाहीत, बर्फ उपसणाऱ्या, बर्फावरून चालणाऱ्या, बर्फात अडकलेल्या माणसांच्या शब्दांना तेथील कोशांनी आणि वाङ्मयाने दार उघडे ठेवले म्हणून ते टिकले आहेत.